काचेच्या कणाची साक्ष

शाळेंत शिकविलेलें पदार्थविज्ञान व गणित पुढें व्यवहारांत कोठें उपयोगीं पडतें, असा प्रश्न पालकांकडून आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याचें एक उत्तर या लेखांत देण्याचा विचार आहे, आणि त्यासाठीं आम्हीं एक अगदीं क्षुद्र वस्तु निवडली आहे. ती म्हणजे फुटलेल्या काचेचा कण. हा कण बहुधा मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. तो केरांत गेला तर कोणी त्याची आठवणही करीत नाहीं. तथापि हाच कण एखाद्या मनुष्याच्या अंगरख्याच्या शिवणींत सांपडला, तर तो मनुष्य तुरुंगांत जावयाचा कीं सुटावयाचा, हें त्यावर ठरण्याचा प्रसंग येतो. असा साक्षीदार काय सांगूं शकतो, आणि त्यानें न सांगितलेलें असें लोक त्याच्या तोंडीं काय घालूं पाहतात, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम हा कण अंगरख्यापर्यंत पोंचतो कसा तें पाहूं. घरफोडी करणारा मनुष्य बाहेर उभा राहून खिडकीच्या तावदानावर दगड वा पहार मारतो, तेव्हां फुटलेली सर्व काच आंतल्या बाजूसच पडत असली पाहिजे, असें सहज वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. काच ठिसूळ असली तरी फुटण्यापूर्वीं ती किंचित् वांकते. आणि तडा गेला कीं तिच्यापासून असंख्य बारीक कपच्या उडतात, व त्यांपैकीं कांहीं मारणाऱ्याच्याच दिशेस परत येतात. नेल्सन व रेव्हेल या दोघां संशोधकांनीं याविषयींचे आपले प्रयोग इ. स. १९६७ मध्यें प्रसिद्ध केले. जो तावदानाच्या जितका जवळ, त्याच्या अंगावर तितके कण अधिक. हे कण केंसांत, खिशांत, शिवणींत, विजारीच्या दुमडींत व जोड्यांच्या तळव्यांत जाऊन बसतात. परंतु ते तेथें कायमचे राहत नाहींत. मनुष्य चालूं लागला, त्यानें कपडे झटकले, कीं पहिल्या कांहीं तासांतच त्यांतील बहुतेक गळून पडतात. लोंकरीच्या जाड कापडांत ते अधिक वेळ अडकून राहतात, गुळगुळीत कापडावरून लौकर निसटतात. म्हणून आरोपी दोन दिवसांनीं सांपडला आणि त्याच्या कपड्यांवर एकही कण मिळाला नाहीं, तर तेवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाहीं.

अशा बारीकसारीक वस्तूंकडे तपासाच्या कामीं पद्धतशीरपणें पाहावें, असें ज्यांनीं ठासून सांगितलें त्यांत ऑस्ट्रियांतील हान्स ग्रोस या मॅजिस्ट्रेटाचें नांव मोठें आहे. त्यांचा ग्रंथ इ. स. १८९३ मध्यें निघाला. आपल्या देशांतील व्यवहारास अनुसरून केलेलें त्याचें इंग्रजी रूपांतर इ. स. १९०६ मध्यें मद्रास येथें प्रसिद्ध झालें, हें आमच्या वाचकांस कदाचित् नवीन वाटेल. पुढें इ. स. १९१० मध्यें फ्रान्समधील लियों शहरीं एदमों लोकार यांनीं पोलिसांसाठीं एक लहानशी प्रयोगशाळा उघडली. दोन वस्तूंचा एकमेकींस स्पर्श झाला म्हणजे प्रत्येकीचा कांहींना कांहीं अंश दुसरीवर राहतो, हा विचार त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. काचेचा कण हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

आतां काचेविषयीं. वाळू, सोडा व चुनखडी हे पदार्थ भट्टींत वितळवून जो रस होतो, तो थंड झाला म्हणजे काच बनते. खिडकीच्या काचेंत वाळूचा अंश शेंकडा ७० च्या आसपास असतो. वाळू कोणत्या जागची, चुनखडी कोठली, भट्टींत जुन्या काचेचे तुकडे घातले कीं काय, यांवरून तिच्या अंगचे गुण थोडेथोडे बदलतात. इ. स. १९५९ मध्यें इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगत ठेवून तक्ते करण्याची रीत जाहीर केली, आणि सांप्रत जगांतील बहुतेक तावदानें याच रीतीनें होतात. या काचेची जी बाजू कथिलास लागलेली असते, ती विशिष्ट जंबुपार किरणांत मंद चकाकते. कणावर तो मूळ पृष्ठभाग शिल्लक असेल, तर तो तावदानाचा आहे कीं बाटलीचा, हें ओळखण्यास त्याची मदत होते.

काचेच्या साक्षीचे दोन प्रकार आहेत, आणि दोहोंचें वजन अगदीं निराळें आहे. पहिला प्रकार तुकड्यांच्या आकाराचा. काच फुटतांना तिची तड जशी जाते तशीच ती दुसऱ्या वेळीं कधींही जात नाहीं. चोराच्या पिशवींत सांपडलेली एखादी मोठी कपची खिडकीच्या चौकटींत उरलेल्या काचेशीं कडेला कड लावून तंतोतंत बसली, तर ती त्याच तावदानाची, याविषयीं शंका राहत नाहीं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें म्हणतात तें येथें लागू पडतें. तुकड्यांवरून आणखीही पुष्कळ कळतें. दगड लागला त्या बिंदूपासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें तडे निघतात, व त्यांच्याभोंवतीं वर्तुळाकार तडे पडतात. आऱ्याच्या तड्याची कड, म्हणजे काचेच्या जाडीची बाजू, भिंगाखालीं पाहिली असतां तीवर वांकड्या रेषांची एक रांग दिसते. या रेषा एका पृष्ठभागास जवळजवळ काटकोनांत मिळतात, व तो पृष्ठभाग आघाताच्या उलट बाजूचा असतो. बाहेरून चोर आला असें भासविण्यासाठीं घरांतल्याच मनुष्यानें आंतून तावदान फोडलें असेल, तर ही लबाडी येथें उघडकीस येते, आणि भलत्याच मनुष्यावर येऊं पाहणारा आळ टळतो. मात्र हा नियम साध्या काचेचा आहे. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांस जी पाणी दिलेली काच असते, ती फुटली म्हणजे तिचे लहान लहान चौकोनी खडे होतात, व तेथें तो चालत नाहीं. बंदुकीच्या गोळीनें साध्या काचेस पडलेलें भोंक गोळी ज्या बाजूनें बाहेर जाते त्या बाजूस अधिक रुंद असतें. दोन गोळ्या लागल्या असतील, तर दुसरीचे तडे पहिलीच्या तड्यांपाशीं येऊन थांबतात. त्यामुळें कोणती गोळी आधीं सुटली हेंही सांगतां येतें.

परंतु अंगरख्यांतून निघालेले कण इतके लहान असतात कीं ते कोठेंच बसवून पाहतां येत नाहींत. त्यांच्यापुरता दुसरा प्रकार, म्हणजे गुणांची तुलना, एवढाच मार्ग उरतो; आणि येथूनच खरी अडचण सुरू होते.

कपडे मोठ्या स्वच्छ कागदावर झाडून जो केर निघतो, त्यांतून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं काचेचे कण निवडतात. वाळूचा कण व काचेचा कण दिसण्यांत सारखेच. परंतु एकमेकींशीं काटकोनांत ठेवलेल्या दोन ध्रुवण-पट्ट्यांमध्यें ठेवून फिरविला असतां वाळूचा स्फटिक उजळतो व काच काळीच राहते. यानंतर मापावयाचा तो वक्रीभवनांक. पाण्याच्या पेल्यांत तिरपी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, हें सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एका पदार्थांतून दुसऱ्यांत जातांना प्रकाशाचा वेग बदलतो म्हणून असें होतें. आणि निर्वातांतील वेग पदार्थांतील वेगाच्या किती पट आहे तें दाखविणारी संख्या म्हणजे वक्रीभवनांक होय. खिडकीच्या काचेचा तो १.५२ च्या जवळपास असतो.

मोहरीहून लहान कणाचा हा अंक मापावयाचा कसा? याची युक्ति फार सुंदर आहे, व तिचें मूळ आमच्या विज्ञानशाळेंतही दाखवितां येतें. पायरेक्स काचेची नळी ग्लिसरीनच्या भांड्यांत बुडविली असतां ती जवळजवळ दिसेनाशी होते. कारण दोहोंचा वक्रीभवनांक १.४७ च्या आसपास असून एकांतून दुसऱ्यांत जातांना प्रकाशकिरण वांकतच नाहीं. आणि किरण वांकला नाहीं तर डोळ्यास कड दिसावी कशी? शिक्षकांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग प्रत्येकानें एकवार करून पाहावा. प्रयोगशाळेंत कण एका विशिष्ट सिलिकोन तेलांत बुडवितात आणि तेल हळूहळू तापवितात. तेलाचा वक्रीभवनांक दर अंशास सुमारें ०.०००४ नें उतरतो, काचेचा मात्र नांवालाच बदलतो. कणाच्या कडेस एक तेजस्वी रेषा दिसत असते, तिला ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ बेक यांचें नांव आहे. ज्या क्षणीं ती नाहींशी होऊन कणच अदृश्य होतो, त्या क्षणींचें उष्णमान टिपून ठेवावयाचें. तेवढ्यावरून काचेचा अंक दशांशचिन्हापुढील चौथ्या-पांचव्या स्थळापर्यंत निघतो. जो कण अदृश्य झाला त्याचीच ओळख पटली, हा योग आम्हांस तरी मोठा कौतुकाचा वाटतो.

खिडकीच्या काचेचा अंक व अंगरख्यांतील कणाचा अंक यांत मोजमापाच्या चुकीपलीकडे फरक निघाला, तर प्रश्न तेथेंच मिटतो : हा कण त्या तावदानाचा नव्हे. काचेचें सर्वांत निश्चित उत्तर हें नकाराचें असतें, आणि निरपराध मनुष्याच्या दृष्टीनें तेंच सर्वांत मोलाचें. पण अंक जुळला तर? कण त्याच तावदानाचा असूं शकेल, एवढेंच तेव्हां म्हणतां येतें. ‘असूं शकेल’ आणि ‘आहे’ यांमधील अंतर किती, हें एका खटल्यावरून दाखवितों.

इ. स. १९८३ च्या इंग्रजी कायदे-अहवालांत हा खटला छापलेला आहे. तोंडें झांकलेले व हातांत दांडकीं घेतलेले चौघे इसम एका कचेरींत शिरले आणि आंतील एका खिडकीची काच फोडून त्यांनीं पैसे लुबाडले. पुढें एका संशयिताच्या घरून जोडा जप्त झाला. त्यास काचेचे कण चिकटलेले व रुतलेले होते. त्यांचा वक्रीभवनांक फुटलेल्या खिडकीच्या काचेशीं जुळला. सरकारी तज्ज्ञानें अशीही साक्ष दिली कीं, प्रयोगशाळांनीं जमविलेल्या आंकड्यांवरून पाहतां हा अंक शंभर नमुन्यांपैकीं अवघ्या ४ नमुन्यांत आढळतो. ज्यूरीनें आरोपीस दोषी ठरविलें. अपिलांत वाद असा निघाला कीं, हा शेंकडा ४ चा आंकडा तज्ज्ञानें स्वतः मोजलेला नाहीं, सबब ती ऐकीव गोष्ट होय. अपील कोर्टानें हें म्हणणें मान्य केलें नाहीं. कोणताही तज्ज्ञ सर्वच गोष्टी स्वतः मोजूं शकत नाहीं, त्यास इतरांच्या कामाचा आधार घेतां येतो. मात्र कोणता आधार घेतला हें त्यानें उघड सांगितलें पाहिजे, म्हणजे त्याची पारख करतां येईल, असा निर्णय झाला. अपील फेटाळलें गेलें.

कायद्याचा प्रश्न येथें सुटला. गणिताचा प्रश्न मात्र विद्यार्थ्यांनीं स्वतः सोडवून पाहण्याजोगा आहे. शंभरांत ४ याचा अर्थ काय? पुष्कळ शहाणीं माणसें घाईनें म्हणतात : निरपराध मनुष्याच्या जोड्यांत असा कण मिळण्याचा संभव शंभरांत चार, तेव्हां हा मनुष्य निरपराध असण्याचा संभवही शंभरांत चार, अर्थात् शंभरांत शहाण्णव हिश्शांनीं तो दोषी. हें अनुमान साफ खोटें आहे. समजा, पांचशें विद्यार्थ्यांच्या शाळेंत कोणी शाई सांडली, आणि ज्यानें सांडली त्याचें नांव ‘ग’ या अक्षरानें सुरू होतें एवढेंच कळलें. अशीं नांवें शंभरांत चौघांचीं असतील, तर शाळेंत अशीं वीस मुलें निघतील. गोविंद, गॅब्रिएल, गफूर हे सारे त्यांतलेच. दुसरा कांहींही पुरावा नसतां गोविंदास धरून तो शंभरांत शहाण्णव हिश्शांनीं दोषी आहे असें म्हणणें म्हणजे त्याच्यावर अन्याय करणें होय. त्याचा वांटा विसांत एक एवढाच. परंतु शाई सांडली त्या वेळीं वर्गांत तिघेच होते, व त्यांत ‘ग’चा गोविंद एकटाच, असें सिद्ध झालें तर त्याच अक्षराचें वजन एकदम वाढतें. अक्षर तेंच, बदलली ती भोंवतालची हकीकत.

म्हणून तज्ज्ञानें एक नव्हे, दोन प्रश्न विचारावयाचे असतात. या मनुष्यानें ती काच फोडली असती, तर असे व इतके कण मिळण्याचा संभव किती? आणि त्यानें फोडली नसती, तर किती? या दोन संभवांचें गुणोत्तर हेंच पुराव्याचें वजन. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनीं इ. स. १९७७ मध्यें नेमक्या काचेच्या वक्रीभवनांकाचाच प्रश्न घेऊन ही रीत मांडली. तिच्या बुडाशीं असलेला सिद्धान्त थॉमस बेझ यांचा. हे गृहस्थ धंद्यानें ख्रिस्ती पाळक होते, व त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा ज्यानें व्यासपीठावरून शिकवावयाची, त्याच्याच लेखणीतून साक्षीचें वजन करण्याचा तराजू निघावा, याचें आम्हांस नवल वाटतें.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देशपरत्वें बदलतें, इकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. इंग्लंडांत जो आंकडा ४ निघाला तो तेथील व त्या काळच्या काचेचा. तो उचलून आपल्या गांवीं लावतां येणार नाहीं. आपल्याकडे घरोघर काचेच्या बांगड्या. ‘बांगडी फुटली’ असें म्हणणें अशुभ मानून आपण ती ‘वाढली’ म्हणतों, पण म्हटलें कांहीं तरी तिचे तुकडे जमिनीवर पडतातच, व झाडूनही सारे जात नाहींत. अशा घरांत वावरणाऱ्याच्या कपड्यावर काचेचा एखादा कण मिळाला, तर त्यांत आश्चर्य कसलें? शिवाय काच साफ करणारा नोकर, रस्त्यावरील अपघातांत मदतीस धांवलेला वाटसरू, किंवा फुटक्या खिडकीपाशीं उभा राहून मग आरोपीस धरणारा शिपाई, यांच्या हातूनही कण इकडून तिकडे जाऊं शकतो. एका कणाचें वजन थोडें. एकाच काचेचे वीस कण ताज्या कपड्यावर मिळाले तर तें पुष्कळ.

नव्या रीतीनें होणारी काच इतकी एकसारखी निघते कीं केवळ वक्रीभवनांकावरून तावदानातावदानांतील भेद पूर्वींइतका दिसत नाहीं. यावर शास्त्रज्ञांनीं उपाय काढला आहे. लेसर किरणानें कणाचा सूक्ष्म अंश उडवून त्याची वाफ एका यंत्रांत नेतात, व तींत स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, बेरियम वगैरे मूलद्रव्यें दशलक्षांत किती भाग आहेत तें मोजतात. वाळू व चुनखडी यांबरोबर हीं द्रव्यें अल्प प्रमाणांत आपोआप येतात, आणि भट्टीभट्टीस व काळाप्रमाणें त्यांचें प्रमाण निराळें पडतें. यामुळें ‘जुळतें’ या शब्दास पूर्वींपेक्षां पुष्कळ बळ आलें आहे. तरीही एकाच दिवशीं एकाच भट्टींतून निघालेलीं शेंकडों तावदानें एकमेकांसारखीं असणारच.

आपल्या देशांत तज्ज्ञाचें मत पुराव्यांत घेण्याची तरतूद इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ४५ व्या कलमानें केलेली होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली असून तेथें ती ३९ व्या कलमांत आहे. त्याच दिवशीं अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें, सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत अशा तज्ज्ञानें स्वतः जागेवर जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत दिलेली आहे. महाराष्ट्रांत हें काम करणाऱ्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचें मुख्य ठाणें मुंबईंत कालिना येथें आहे.

परंतु तज्ज्ञ येण्यापूर्वीं घरांत काय होतें, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें, आणि येथें पालकांस दोन शब्द सांगणें जरूर आहे. चोरी झाल्याचें दिसतांच, मुलांच्या पायांत काच जाईल या भीतीनें आपण प्रथम केरसुणी हातीं घेतों. भीति खरी आहे. पण त्या खोलीचें दार लावून मुलांस दूर ठेवलें तर तिचें निवारण होतें. पडलेल्या तुकड्यांस हात लावूं नये, त्यांवरून चालूं नये. जमिनीवरचे तुकडे दुसऱ्या एखाद्या भांड्याचेही असूं शकतात. तुलनेसाठीं सर्वांत विश्वसनीय नमुना म्हणजे चौकटींत अडकून राहिलेली काच, व ती अनेक ठिकाणांहून घ्यावी लागते, कारण एकाच तावदानाच्या दोन टोकांचे अंक किंचित् निराळे असूं शकतात. संशयिताचे कपडे व खिडकीची काच हीं एकाच मनुष्यानें, एकाच मेजावर हाताळूं नयेत, व प्रत्येक कपडा निराळ्या कागदी पुड्यांत बांधावा. हें पाहणें पोलिसांचें काम असलें, तरी पंच म्हणून बोलावलेल्या गृहस्थानें तें डोळ्यांदेखत होतें आहे ना, एवढें अवश्य पाहावें आणि नसेल तर तसें बोलून दाखवावें. नवें तावदान बसविणारा सुतार त्याच दिवशीं बोलावूं नये. रात्रीपुरता खिडकीस पुठ्ठा लावून काम भागतें. तपासणी होऊन गेल्यावर तो दुसरे दिवशीं आला तरी चालेल.